कंपनीच्या सभेत वन्समोर

ब्रह्मपुरी,
२२ ऑक्टोबर १९८६

आदरणीय देवरावभाऊंना,

ब्रह्मपुरीहून गुणवंतरावचा मनापासून जयभीम. वहिनींनाही जयभीम, आणि त्यांच्या गुडघ्याची वेगळी चौकशी. (मोहाचं तेल गरम करून चोळावं, असं वच्छला म्हणते. मी वाणिज्य शाखेचा असल्यामुळे मत देत नाही.) आम्ही इकडे सुखरूप आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, पण खरं सांगायचं तर नागपूरला खाल्लेल्या एका समोशाने माझं पोट जे धरलं ते अजून पूर्ण सोडलेलं नाही, आणि तो समोसा माझ्या वाट्याला कसा आला हे सांगण्यासाठीच हे पत्र आहे. तुमची बहीण वच्छला ठणठणीत आहे. तुमचे वडील, म्हणजे आमचे मामाजी, तेही ठणठणीत आहेत. तुम्ही विचारलेलं नाही, तरी कळवतो. तुम्ही घरची राईस मिल सोडून बल्लारपूरला पेपर मिलच्या नोकरीत गेलात त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि बापलेकांच्या मधल्या गोष्टीत जावयाने पडू नये एवढी अक्कल मला आहे. तेव्हा हे पत्र निव्वळ माहितीसाठी आहे असं समजावं.

तर माहिती अशी की मामाजींनी मिल विकायला काढली होती. ('होती' या शब्दाकडे लक्ष द्यावं आणि पुढचं शांतपणे वाचावं.) झालं असं की उन्हाळ्यात नागपूरच्या सुवर्णकण सॉल्व्हेंट अँड ॲग्रो लिमिटेड या कंपनीचे दोन साहेब मोटारीने आले. ही कंपनी तांदळाच्या कोंड्यातून तेल काढते. कोंडा लागतो म्हणून तिला मिला हव्या आहेत, आणि धानाच्या पट्ट्यात ती एकेक मिल गोळा करत सुटली आहे. त्यांचं म्हणणं असं की किमतीचा तिसरा हिस्सा रोख देऊ आणि बाकीच्या किमतीचे कंपनीचे शेअर देऊ, म्हणजे मामाजी नुसते मिल विकणारे राहणार नाहीत, कंपनीत भागीदार होतील. कामगारांना 'गरजेनुसार' ठेवू. आणि दारावरची 'रुखमा राईस मिल' ही पाटी उतरवून तिथे 'युनिट क्रमांक चार' अशी पाटी लावू. तुमच्या आईच्या नावाची पाटी उतरणार हे ऐकून वच्छला चहाचा ट्रे तसाच घेऊन आत निघून गेली, आणि साहेबांना चहा मिळाला नाही. साहेब गेल्यावर मामाजी मला म्हणाले, "आपली अख्खी मिल ज्याच्या कागदावर सोडाची, त्याची तब्येत तं पाहा लागन ना, जवाईबापू. तुमी कालेजात हेच शिकवता म्हन्ते वच्छला."

आता मी कॉलेजात हेच शिकवतो, हे खरं आहे. कंपनीचा ताळेबंद कसा वाचावा, चालू गुणोत्तर म्हणजे काय, दोनास एक असलं की कंपनी सुदृढ कशी समजावी, हे मी इतकी वर्षं इतक्या पोटतिडकीने शिकवतो आहे की शिपायालाही पाठ झालं आहे. पण भाऊ, तुमच्यापासून काय लपवायचं, जिवंत कंपनीचा ताळेबंद मी तोपर्यंत हातात धरलेला नव्हता. आमच्या पुस्तकात 'अ' कंपनी आणि 'ब' कंपनी अशा दोनच कंपन्या असतात. त्या फार सालस असतात. त्यांचे आकडे हजारात असतात, भाग बरोबर जातो आणि उत्तर मागच्या पानावर दिलेलं असतं. या सुवर्णकणच्या अहवालात भाग जाईना. एकदा केलं तर उत्तर दीड आलं, दुसऱ्यांदा केलं तर एकाच्याही खाली गेलं, आणि मागचं पान उघडलं तर तिथे कारखान्यासमोर उभ्या असलेल्या चेअरमन साहेबांचा रंगीत फोटो. शेवटी मी एक शास्त्रीय उपाय काढला. कंपनीचं नाव झाकून तो सगळा ताळेबंद द्वितीय वर्षाच्या मुलांना चाचणी परीक्षेत प्रश्न म्हणून टाकला. (यात गैर काही नाही. दवाखान्यातही शिकाऊ डॉक्टर नाडी पाहतातच.) जवळजवळ सगळ्या वर्गाने कंपनी सुदृढ ठरवली. मला फार समाधान वाटलं. मग उत्तरं बारकाईने पाहिली तेव्हा कळलं की सगळ्यांनी पहिल्या बाकावरच्या एकाच मुलीचं उतरवलं होतं, तिची खाडाखोडसुद्धा. एकाने तेवढं स्वतंत्र उत्तर लिहिलं होतं. त्याने लिहिलं, 'या कंपनीस माझ्या हार्दिक शुभेच्छा.' त्याला मी अर्धा गुण दिला. या सगळ्यावरून मी मामाजींना एक सविस्तर अहवाल लिहून दिला, आणि त्यात कंपनीबद्दल मला पहिल्यापासून जी शंका होती ती सूचित केली.

मामाजींनी अहवाल डोक्याला लावला, खुंटीच्या पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "हे झालं कागदाचं. आता मानूस दाखवा." धान घेताना ते पोत्यात हात घालून मूठभर काढतात, तळहातावर चोळतात, एक दाणा दाताखाली धरतात, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलेलं आहे. कंपनी दाताखाली कशी धरायची हा प्रश्न होता. तेव्हा मीच सुचवलं की कंपनीची वार्षिक सभा असते, तिथे चेअरमन स्वतः बोलतो, पण आत जायला आपण भागधारक पाहिजे. मग नागपूरच्या एका दलालाकडून मी थोडे शेअर घेतले, काही मामाजींच्या नावे, काही माझ्या, आणि मामाजींच्या हट्टाखातर काही लटारूच्या नावे. लटारू म्हणजे आपल्या हमालांचा मुकादम, तुमच्या वेळचाच. (तो तुमची आठवण काढतो.) शेअरचा कागद हातात आल्यापासून तो पोत्याला हात लावत नाही. कोणी हटकलं तर म्हणतो, "मी कंपनीचा मालक हावो, मले सभेले जा लागते." लटारूला न्यायचं कारण असं की हिवाळ्यात आपल्या मंडळाचं नाटक असतं त्यात तो प्रॉम्प्टर असतो, आणि माणूस मनापासून बोलतो की पाठ केलेलं बोलतो हे त्याला पडद्याआडून कळतं, असा मामाजींचा विश्वास. मी हसलो होतो.

सभेच्या दिवशी आम्ही तिघे पहाटेच्या एस.टी.ने नागभीड, उमरेड करत नागपूरला पोचलो. मामाजींनी कोसा रेशमाचा फेटा बांधला होता. हॉल मोठा थंडगार, खुर्च्या लाल, स्टेजवर हिरव्या कापडाचं लांब टेबल, त्यामागे सात-आठ गंभीर माणसं आणि माइक. ते स्टेज, तो पडदा, तो माइक पाहून मामाजींची मान जी ताठ झाली तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. तुम्हाला ठाऊक आहे की झाडीपट्टीतल्या माणसाला नाटकाचं किती वेड. एखादा प्रवेश रंगला की प्रेक्षकांतून नोट पुढे जाते, पेटी थांबते, नट हात जोडून उभा राहतो आणि माइकवरून देणाऱ्याचं नाव गाजतं. मग नाटक पुढे चालू होतं. आपल्याकडे याला कोणी व्यत्यय म्हणत नाही. मामाजींनी तर अशी बक्षिसं देण्यात अर्धं आयुष्य घालवलं आहे. आणि चेअरमन साहेब उठले ते, भाऊ, अगदी नायकासारखे उठले. पांढरे केस मागे वळवलेले, आवाज खर्जातला. छापील भाषणाची मराठी प्रत आम्हा सर्वांना वाटलेली होती, पण ती त्यांनी बाजूला सारली आणि ते उत्स्फूर्त बोलू लागले. दुष्काळ आला, तेलाचे भाव पडले, बँकेने दार लावून घेतलं, तरी मी डगमगलो नाही, कारण माझे भागधारक हेच माझं घर, हेच माझं गणगोत, आणि म्हणून यंदाही आपण सव्वीस लाखांचा नफा कमावला! इथे त्यांनी छातीवर हात ठेवला. बाजूच्या खुर्चीत मामाजी उपरण्याने डोळे पुसत होते. मी अहवालातलं पान शोधत होतो. मान वर केली तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी होती.

मामाजी स्टेजवर होते. त्यांनी अकरा रुपये चेअरमनच्या हातात ठेवले, माइक आपल्याकडे वळवला आणि ठणकावून म्हणाले, "बापूराव रामटेके, रुखमा राईस मिल, ब्रह्मपुरी, यायच्याकडून चेरमन सायबाच्या भाषनाले अकरा रुपये!" आणि मग, स्टेजवरून खाली उतरता उतरता, "वन्समोर!"

मी खुर्चीखाली पडलेला रुमाल शोधू लागलो. (रुमाल खिशात होता.) कंपनीचा सेक्रेटरी शेजारच्याला कुजबुजत विचारत होता की ही रक्कम कोणत्या खात्यात दाखवायची. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाने उठून विचारलं, हा विषय कार्यपत्रिकेवर आहे का? दोघा-तिघांना वाटलं हा नवीन नियम असावा, त्यांनी पाकिटं काढली. पण खरी गंमत पुढेच आहे. एखाद्या साध्या चेअरमनने हसून पैसे परत केले असते. या माणसाने ते कपाळाला लावले, खिशात ठेवले, हात जोडले, आणि खरोखर वन्समोर दिला! शेवटचा परिच्छेद त्यांनी पुन्हा पहिल्यापासून घेतला. पुन्हा दुष्काळ, पुन्हा तेलाचे भाव, पुन्हा बँक, या वेळी आवाज आणखी एक पट्टी वर, आणि शेवटी दोन्ही हात पसरून, "...यंदाही आपण एकतीस लाखांचा नफा कमावला!"

आता लटारूचं ऐका. प्रॉम्प्टरची सवय जात नाही. तो मघापासून छापील प्रतीवर बोट ठेवून ओळ न् ओळ पाहत होता आणि नट वाहवत चालला म्हणून त्याचा जीव खालीवर होत होता. त्यात त्याचा हेतू इतका चांगला की मी त्याला आजही रागावू शकत नाही. तो अर्धवट उठला, तोंडाला हाताचा आडोसा केला आणि पडद्याआडून देतात तसा दबका पण सगळ्या हॉलात ऐकू जाईल असा आवाज दिला, "बावीस! सायेब, बावीस लाख आहे इथी! एकतीस नाई!" आणि चेअरमनने, अडलेला नट जसा धागा पकडतो तसा तो शब्द पकडला. "हो, बावीस!" ते गरजले. "बावीस लाख तर नुसते पहिल्या सहा महिन्यांचे!"

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. मघाचा गृहस्थ पुन्हा उठला आणि म्हणाला की एका वर्षाचा नफा जर तीन प्रकारचा असेल तर आम्हाला लाभांश एकाही प्रकारचा का मिळालेला नाही? मग सगळेच उठले. हिशेब तपासनीस टेबलाच्या टोकाला बसले होते, ते त्या गडबडीत पाण्याच्या ग्लासात बघत राहिले. आभाराचा ठराव कोणी मांडला आणि कोणी अनुमोदन दिलं ते ऐकू आलं नाही. दाराशी खोके वाटले गेले, प्रत्येकात एक समोसा, आणि खोक्यावर कुणाच्या तरी लग्नाच्या शुभेच्छा छापलेल्या. लटारूने ते वाचून दाखवलं आणि विचारलं, "हे कोनाचं लगन होये?" मी दोन समोसे खाल्ले, कारण मामाजींचाही माझ्याकडेच आला, आणि पोट धरलं ते त्यानेच. ते हॉलात मागे राहिले होते. मी आत डोकावलो तर सगळ्या रिकाम्या लाल खुर्च्या, आणि त्यात पहिल्या रांगेत चेअरमन साहेब आणि मामाजी शेजारी शेजारी बसून बोलत होते. बराच वेळ बोलत होते.

परत येताना मामाजी एवढंच म्हणाले की मिल द्यायची नाही. दुसऱ्या आठवड्यात कंपनीला तसं कळवलं. साहेब मोटारीने पुन्हा आले, रोख हिस्सा वाढवून द्यायला तयार झाले, पण त्या दिवशी वच्छलाने त्यांना आग्रहाने दोनदा चहा पाजला, त्यावरून मिल मिळणार नाही हे ते समजले. पाटी जिथल्या तिथे आहे. अशा रीतीने माझ्या अभ्यासामुळे आणि वेळीच दिलेल्या इशाऱ्यामुळे मिल वाचली, हे तुम्हाला कळावं म्हणून हा प्रपंच. लवकरचं हलकं धान कापणीला आलं आहे, मिल पुढच्या पंधरवड्यात जोरात सुरू होईल. मुलांना माझा आशीर्वाद, थोरल्याचं गणित कसं आहे ते कळवावं. लिहिण्यात काही कमीजास्त झालं असेल तर जावई समजून सोडून द्यावं.

आपला,
गुणवंत

ता. क. पत्र वच्छलाने वाचलं. ती म्हणते, "भावाले खोटं काऊन लिहून राह्यले?" तेव्हा दुरुस्ती करतो. माझ्या अहवालाचा शेवट 'कंपनी एकंदरीत सुदृढ असून व्यवहार करण्यास हरकत नसावी' असा होता. शंका मी सूचित केली होती ती 'एकंदरीत' या शब्दातून. ती मामाजींच्या लक्षात आली नाही, त्याला माझा इलाज नाही.

आणखी एक ता. क. हे देवरावला लिहायचं नाही असं मामाजींनी बजावलं आहे, म्हणून पत्रात लिहिलं नाही, ता. क.मध्ये लिहितो. मिल न द्यायचं कारण ते तीन आकडे नव्हते. मी बसमध्ये त्यांना म्हणालो की बघा, केवढा खोटारडा माणूस निघाला. ते म्हणाले, "आकडे माह्यानंबी चुकते कधीकधी. त्याचं दुखनं येगळं आहे." मग त्यांनी सांगितलं की त्या चेअरमनला एकुलता एक मुलगा आहे, तो अमेरिकेत जाऊन बसला आहे, आणि हा माणूस बँकांकडून पैसा उचलून मिलामागून मिला घेत सुटला आहे तो एवढ्याचसाठी की धंदा खूप मोठा झाला की तो सांभाळायला पोरगा परत येईल. रिकाम्या हॉलात तो हे मामाजींना सांगून रडला. मामाजी खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "त्याले वाटते कंपनी मोठी केली का पोरगा वापस येते. मले वाटे, मिल इकून टाकली का पोराची वाट पाहनं सरते. दोघंबी येडेच." उमरेड गेल्यावर पुन्हा म्हणाले, "पन त्याचा अमेरिकेत आहे जवाईबापू, माहा बल्लारपुरात. मले एस.टी. पुरते."

शेवटचा ता. क. खरं काम हे आहे. मामाजी येत्या रविवारी सकाळच्या गाडीने तुमच्याकडे निघाले आहेत. मिलसाठी आता दुसरं गिऱ्हाईक पाहायचं आहे असं ते आम्हाला सांगतात, आणि फुकट दिली तर तो घेणार नाही, त्याला विकतच द्यावी लागेल, असंही म्हणतात, पण गिऱ्हाइकाचं नाव सांगत नाहीत. तुम्हाला मात्र ते यातलं काहीच सांगणार नाहीत. डोळे दाखवायला आलो म्हणतील. डोळ्यांचे डॉक्टर ब्रह्मपुरीतही आहेत, आणि मामाजी अजून चष्म्याशिवाय तांदळातले खडे निवडतात. तेव्हा तुम्ही काही विचारू नका. फक्त स्टँडवर जा. गाडीतून उतरल्यावर ते इकडेतिकडे पाहतील, तेव्हा समोर असा.